बोरीपासची ओळ

बयाबाईनं टाचेनं चुन्याची खूण पुसली, वर माती लोटली आणि काहीच झालं नाही अशा थाटात शेजारच्या खुणेकडं वळली. बोरीच्या झुडपाभोवतीच्या बऱ्याच खुणा तिनं अशा मोडल्या होत्या. पुढचीला पाय लावणार, तोच खालून अपेक्षाची हाक आली.

"आज्जी, काय चाललंय तुझं? दोरी धरधरून आखलंय मी!"

"वाऱ्यानं गेली आसंल."

"वाऱ्याला तुझीच टाच बरी सापडली!"

पोर हसत होती. तिचं हसणं बघून बयाबाईला आणखीच वाईट वाटलं. ही नात शेतकी कॉलेज शिकली, राजस्थानात जाऊन ऑलिव्हच्या बागा बघून आली, आणि तेव्हापासून तिच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. आटपाडीकडच्या या मुरमाड माळाला तगेल असं झाड लावायचं, शेततळ्याचं पाणी ठिबकनं पुरवायचं, ओसाड पडलेलं रान पुन्हा हिरवं करायचं. गावातली माणसं चेष्टा करायची, "मेंढक्याची नात आता तेलाची मालकीण हुणार, गड्या!" तिनं कुणाचं मनावर घेतलं नाही. रोपं येऊन पडली होती. खड्डे घ्यायला जेसीबी आजच येणार होता.

माळ पडीक राहिला तो काही कुणाच्या आळसानं नव्हे. बयाबाईनंच त्याला कधी नांगर लागू दिला नव्हता. बाजरी करू म्हणणाऱ्या दिराशी ती भांडली, डाळिंब लावू म्हणणाऱ्या लेकाशी तिनं अबोला धरला. मेंढरांना चारा पाहिजे, एवढंच सांगायची. मेंढरं विकून कैक वर्षं झाली तरी तेच सांगायची. खरं कारण तिला आणि धुळाला, दोघा नवराबायकोलाच ठाऊक होतं. त्यांची पहिली लेक, तानी, अंगावर पिती असतानाच गेली, आणि इथंच बोरीच्या अंगाला धुळानं तिला मूठमाती दिली. येता-जाता बयाबाई तिथं टेकायची. गुळाचा खडा ठेवायची, घरातलं बरंवाईट सांगायची. सून बघितली तेही तिनं आधी तानीला सांगितलं होतं.

धुळा बांधावर बसला होता. ती त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"आवं, पोरीला सांगा. बोरीपासची ओळ सोड म्हणावं. तिथं मशीन घालू नगा."

धुळा काठीनं माती उकरत राहिला.

"तुमी सांगितलं की ऐकंल ती. कारण नगा सांगू."

"बस हितं."

"बसायला येळ न्हाई. मशीन ईल आता."

"बस म्हणतो न्हवं, बया."

एवढ्या संसारात त्यानं तिला नावानं हाक मारल्याचं तिला आठवत नव्हतं. ती खाली बसली.

"ती तिथं न्हाई," धुळा म्हणाला.

"कोण?"

"तानी. तू तापानं फणफणली हुतीस, शुद्ध न्हवती तुला. मी पोरीला घिऊन मिरजंच्या दवाखान्यात गेलो, त्ये तुला ठावं हाय. तिथंच गेली ती. तसलं लेकरू मांडीवर घिऊन एष्टीत बसायचं, शेजारच्या बाईनं कौतुकानं तोंड बघितलं तर काय सांगायचं? माझं काळीजच झालं न्हाई गं. कृष्णेच्या काठाला ठिवली. एकट्यानं."

बयाबाईनं वळून बोरीकडं बघितलं.

"घरी आलो, तर तू पडल्या पडल्या इचारलंस, आपल्याच रानात ठिवली न्हवं? मी व्हय म्हणलो. कुठं म्हणलीस, तर समोर बोर दिसत हुती." त्यानं काठी खाली टाकली. "बरी झालीस की सांगू म्हणलं. तर उठल्या उठल्या तू बोरीकडंच गेलीस. मग कवा सांगू?"

"काठाला कुठं ठिवली?"

"किती पूर येऊन गेलं तिथनं. आता काय दावू तुला?"

खालच्या वाटेनं जेसीबीची घरघर ऐकू यायला लागली.

"मग मी इतकी वर्सं बोलत कुणाशी हुते?"

पटक्याच्या टोकात तोंड खुपसून धुळा रडत होता. त्याच्यावर तुटून पडावं, तर तिला रागच येईना. तिकडं नदीकाठी पोर एकटी होती, आणि आपण इकडं बोरीला गूळ ठेवत बसलो, याचंच तिला भडभडून आलं.

अपेक्षा धापा टाकत वर आली.

"आज्जी, मशीन आलं. ती बोरीजवळची ओळ सोडू का? तुझ्या मनात नसेल तर सोडते. खरंच."

बयाबाई गुडघ्यावर हात देऊन उठली.

"घे समदी. कायबी सोडू नगंस."

रोपांसाठी पाण्याचं पिंप भरून ठेवलं होतं. ती तिथं गेली, तांब्या बुडवला आणि लुगड्यासकट डोक्यावरून ओतून घेतला. मग दुसरा. अपेक्षा जागच्या जागी थबकली. लांबून कुणाची वाईट खबर आली की बायामाणसं अंगावरच्या कपड्यानिशी अशी आंघोळ करतात, हे तिनं लहानपणापासून बघितलं होतं.

"आज्जी, कोण गेलं?"

"माझी लेक."

आज्जीला लेक होती, हेच अपेक्षानं कधी ऐकलं नव्हतं. तिनं बांधाकडं बघितलं. आज्जा मान वर करत नव्हता.

"कधी गं?"

बयाबाईनं आणखी एक तांब्या ओतला. पाणी डोळ्यांवरून, हनुवटीवरून खाली मुरमात गेलं.

"आत्ता," ती म्हणाली.