फौजदार निर्दोष सुटला

वहिनींचं डोकं सकाळपासून तापलेलं होतं. वर कुरणात फौजदाराची परीक्षा होती. ज्याच्या पाहुण्यामुळे ही वेळ आली तो धाकटा दीर मात्र हातात चहाचा थर्मास घेऊन, वरातीला निघाल्यासारखा, डॉक्टरांच्या पुढे पुढे करत होता.

फौजदार म्हणजे वहिनींच्या मेंढ्यांचा राखणदार कुत्रा. पांढराशुभ्र, वासराएवढा. गेल्या आठवड्यात त्यानं एका ट्रेकरची पोटरी फोडली. तक्रार झाली, म्हणून जनावरांचे डॉक्टर पाहणीला आले होते. त्यांनी पाठीला सॅक लावून, ट्रेकरसारखं कळपाकडे चालत जायचं. कुत्रा अंगावर धावला तर त्याला कायमचं घेऊन जायचं. आणि फौजदार गेला की लांडग्यांना रान मोकळं. नवरा गेल्यापासून त्या डोंगरावर वहिनींना दुसरा आधार नव्हता.

वाटेत दिराच्या खोल्या लागल्या. तो त्या ट्रेकरांना भाड्यानं द्यायचा. व्हरांड्यात चिखलाच्या बुटांखाली एक पाटी आडवी टाकलेली होती. वहिनींनी पायानंच बूट बाजूला सारले. पाटी त्यांचीच, कुरणाच्या तोंडाशी त्यांनी स्वतः ठोकलेली. तिच्यावर लिहिलं होतं: कळपाला लांबून वळसा घाला. कुत्रा भुंकत आला तर थांबा, पळू नका, काठी उगारू नका, हळूहळू मागे व्हा. कुत्र्याला खायला घालू नका.

"ही इथं कशी आली?"

"अहो वहिनी, पाहुणे घाबरतात ते वाचून. लोक हवा खायला येतात, धमक्या वाचायला नाही."

"आणि चावे खायला येतात का, भाऊजी?"

दीर हसला. त्या हसण्यानं वहिनींच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण डॉक्टर सोबत होते म्हणून त्या दातओठ खात पुढे चालू लागल्या.

कुरणात मेंढ्या उतारभर पसरल्या होत्या. मधोमध फौजदार पुढच्या पंजांवर डोकं टेकून पडला होता. डॉक्टर एकटे पुढे निघाले. वहिनी मनातल्या मनात विनवत होत्या, भुंक रे बाबा, आडवा हो, पण दात लावू नकोस. चांगला राखणदार तेवढंच करतो. मधे उभा राहून दम देतो आणि माणूस वळसा घालून गेला की मुकाट्यानं मेंढ्यांत परततो. त्यासाठीच तर डोळे उघडायच्या आधी त्याला कोकरांत ठेवलं होतं. गोंडस पिल्लू होतं, हात शिवशिवायचे, पण वहिनींनी त्याला कधी मांडीवर घेतलं नाही. त्याची माया मेंढ्यांवर बसायला हवी होती.

फौजदारानं डॉक्टरांना पाहिलं. तो उठला. भुंकला नाही. शेपूट हलवत, मेंढ्यांकडे पाठ करून थेट डॉक्टरांपाशी आला, सॅकचा कप्पा हुंगला, समोर बसला आणि उजवा पंजा पुढे केला.

"शेकहँड!" दिरानं टाळी वाजवली. "मी शिकवलंय! बिस्किट दिलं की लगेच करतो. पाहुणे जाम खूश होतात. त्या माणसाला उगाच वाटलं अंगावर येतोय, काठीच घातली त्यानं. मग चावणार नाहीतर काय? बघा डॉक्टर, आहे का चावरा?"

"नाही," डॉक्टर म्हणाले. "चावरा नाही. माझी काही हरकत नाही."

"सुटला! वहिनी, तुमचा फौजदार निर्दोष सुटला!"

डॉक्टर मात्र खाली घसरत चाललेल्या मेंढ्यांकडे बघत होते. त्या झाडीच्या कडेला पोचल्या होत्या आणि फौजदाराला त्याचं सोयरसुतक नव्हतं. तो अजून पंजा पुढे करून बसला होता.

"वहिनी, हा आता..." डॉक्टरांनी सुरुवात केली.

"कळलं मला."

वहिनी खाली बसल्या. लांडग्यानं नरडं धरू नये म्हणून फौजदाराच्या गळ्यात खिळ्यांचा जाड पट्टा होता. त्यांनी बक्कल काढलं आणि पट्टा दिराच्या छातीवर आपटला.

"घे. घाल गळ्यात."

"वहिनी, चेष्टा—"

"आजवर भाऊजी-भाऊजी केलं, ते चुकलं माझं. नालायका, माझा राखणदार नासवलास तू! पाहुण्यांच्या फोटोसाठी! त्याला ने, तुझ्या दारात बसून करू दे शेकहँड. आणि नवा कुत्रा तयार होईतो त्याच्या जागी इथं तू. ऊन-पाऊस, लांडगा, सगळं बघायचंस. खोल्यांना कुलूप लाव."

दिरानं डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर सॅकचे पट्टे आवळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

शेवटी डॉक्टरच फौजदाराला घेऊन खाली दिराच्या खोल्यांकडे निघाले. तो उड्या मारत, त्यांच्या हाताशी झोंबत गेला. कळपाकडे त्यानं एकदाही वळून पाहिलं नाही. वहिनींना रडू फुटलं, आणि रडतारडताच त्या दिरावर ओरडल्या, "बघतोस काय? मेंढ्या झाडीत शिरल्या, पळ!"