गेनू, वय नऊ

मी हजेरीची वही बोलतेय. पुण्यातल्या एका सरकारी दफ्तरखान्यात, अगदी खालच्या फळीवर, लाल फडक्यात बांधलेली. माझी कणव करू नका. मी काही बिचारी नाही.

माझा जन्म भीतीतून झाला, तीही गोऱ्या साहेबाच्या. डोंगरात बंड झालं होतं. बंडवाले हाती लागेनात, म्हणून साहेबाने त्यांना वाट दाखवणारी, भाकरी पोचवणारी अख्खी जमातच गुन्हेगार ठरवली. तसा कायदाच केला. जमातीचं नाव मी सांगणार नाही. लिहून घ्यायला कुणीतरी टपलेलंच असतं. मग तारेचं कुंपण आलं आणि पाठोपाठ मी आले. सकाळ-संध्याकाळ माणसं रांगेत उभी राहायची, अंगठा उठवायची. बाळ जन्मलं की पाचवी पुजायच्या आधी त्याचं नाव माझ्यात चढायचं. साहेबाचं अक्षर सुरेख होतं आणि मी तोऱ्यात होते. त्याची आज लाज वाटते.

साहेब गेला. काही वर्षांनी कायदाही गेला, कुंपण निघालं. मला मात्र कुणी फाडलं नाही. सरकारात कागद टाकून देत नाहीत, बांधून ठेवतात.

गेल्या जूनमध्ये दीपमाला आली. बिबवेवाडीत राहणारी, नर्सिंगला प्रवेश मिळालेली मुलगी. जात पडताळणीला जुना पुरावा हवा होता आणि पणजोबांचं नाव असलेला एकही कागद तिच्या घरात नव्हता. बद्रीनाथ कारकुनांनी मला झटकून तिच्यापुढे ठेवलं. "आठवड्यात सापडलं तर नशीब समजा," ते म्हणाले.

तिला त्याच दुपारी सापडलं. गेनू, वय नऊ, खाली इवलासा अंगठा.

"काका, नऊ वर्षांचे असताना काय केलं होतं हो यांनी?"

बद्रीनाथांनी चष्मा वर केला. "गुन्ह्याच्या रकान्यात 'जन्मतः' लिहिलंय. पुरावा मिळाला ना? मग नक्कल घ्या."

ती हसली आणि रडलीही. शंभर वर्षांत पहिल्यांदाच आपण कुणाच्या तरी कामी आलो, असं मला वाटलं.

नक्कल देताना इथे एक पद्धत आहे. मागणाऱ्याचं नाव, पत्ता, घरातली माणसं, सगळं एका चिठ्ठीवर लिहून ती त्याच पानाला टाचायची. बद्रीनाथ नीटनेटके गृहस्थ. त्यांनी सगळं विचारलं. दीपमालानेही कौतुकाने सांगितलं, भाऊ योगेश हिंजवडीला कंपनीची बस चालवतो. टाचणी गेनूच्या नावाशेजारी पानात घुसली.

श्रावणात तिच्या भागात घरफोडी झाली. दोन हवालदार दफ्तरखान्यात आले. "ती जुनी यादी काढा हो जरा." पाच मिनिटांत चिठ्ठी सापडली. "वा, पत्त्यासकट!" म्हणत एकाने मोबाइलवर फोटो काढला. दुसरा खिशातलं बॉलपेन काढत मला घेऊन खिडकीपाशी गेला.

चार दिवसांनी दीपमाला धापा टाकत आली. "काका, योगेशला घेऊन गेलेत. तो तेव्हा ड्यूटीवर होता, कंपनीचं पत्र दाखवलं, तरी सोडत नाहीत. पत्ता तुम्ही दिलात?"

"मी फक्त टाचला होता," बद्रीनाथ म्हणाले.

"हे पान फाडा. आत्ता."

"फाडतो. पण सोमवारी समिती मूळ पान बघणार आहे. ते नसेल तर तुमचा प्रवेश गेला. सांगा, फाडू?"

तिने गेनूच्या अंगठ्यावर बोट ठेवलं. मग तिने नुसती चिठ्ठी ओढून काढली आणि मला मिटायला घेतलं. मिटताना माझं शेवटचं पान उलगडलं. साहेबाच्या वेळेपासून ते निम्मं कोरं होतं. शेवटच्या नावाखाली आता निळ्या बॉलपेनने एक ओळ लिहिलेली आहे. योगेश, वय चोवीस, बसचालक. पुढचे रकाने मोकळे सोडलेत. तिने ती ओळ दोनदा वाचली आणि लाल फडक्याची गाठ स्वतःच्या हाताने बांधली.

लोकहो, हात जोडून सांगते, मला जाळून टाका. फक्त सोमवार होऊ द्या.