ओल्या रुमालाची पारख

सुरतेजवळच्या पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये एकतीस वर्षं रंग जुळवत उभा राहिलेला माणूस एका प्रिंटरपुढं हात टेकील, असं गंगारामला कोणी सांगितलं असतं तर त्यानं त्यालाच वेड्यात काढलं असतं. पण उधन्याच्या प्रिंटरच्या दुकानात शिरून पाऊण तास झाला होता आणि त्याच्या डोक्याचा पार भुगा झाला होता.

हे झेंगट लागलं ते फोटो स्टुडिओवाल्यामुळं. बायकोला, चंद्रभागेला, जाऊन येत्या रविवारी वर्ष होत होतं. पुण्यानुमोदनाला भेस्तानच्या घरात तिचा मोठा फोटो लावायचा, म्हणून त्यानं मोबाइलमधला तिचा एकुलता एक धड फोटो छापायला दिला. छापून आली ती कोणी गोरीपान बाई. चंद्रभागा काळी होती. चांगली काळीभोर, आणि उन्हातान्हात बांधकामावर राबून कपाळावर तांबूस झाक आलेली. स्टुडिओवाल्यानं दोनदा छापलं आणि दोन्ही वेळा तिला उजळवलं. वर म्हणतो कसा, "काका, सब लोग ऐसा ही माँगते हैं." गंगारामला राग आलाच, पण त्याहून जास्त भीती वाटली. असला फोटो भिंतीवर राहिला तर चार वर्षांनी आपणही तिला गोरी समजायला लागू.

मग मुलगी निशा म्हणाली, घरीच प्रिंटर घेऊ, माझ्या शिकवणीचे पेपरही छापता येतील. ठरलं खरं, बापलेक दुकानात आलेही, पण घोडं अडलं निवडीपाशी.

काउंटरवर वैशाली नावाची बाई होती. मूळची धुळ्याकडची, त्यामुळं मराठी ऐकून खुलली आणि तिनं एकामागोमाग चार प्रिंटर पुढं केले. कुणाला शाईच्या टाक्या, कुणाला बदलायचे डबे. कुणी चार रंगांचा, कुणी सहा. अक्षरं ज्यावर ठसठशीत त्यावर फोटो मार खाणार, आणि फोटो ज्यावर झकास त्याला महिनाभर हात लावला नाही तर आतली शाई सुकून बसणार. कागदाचेही पाच प्रकार निघाले. गंगाराम प्रत्येकाला मान डोलवत होता. कळत काहीच नव्हतं.

"काका, या टाकीवाल्यात काळी शाई पिगमेंटची आहे, बाकीच्या डायच्या," वैशाली म्हणाली.

गंगारामनं कान टवकारले. एवढ्या वेळात पहिल्यांदा ओळखीचा शब्द भेटला होता. "डाय कोन्ती? डिस्पर्स का रिॲक्टिव्ह?"

वैशालीनं निशाकडं पाहिलं. निशा चिडली की गुजरातीत शिरायची. "बाबा, ए तो कापडनुं छे!"

"रंग तो रंग. कापड असो का कागद."

त्यानं खिशातला पांढरा रुमाल काढला, बाटलीतल्या पाण्यानं भिजवून पिळला आणि नमुन्याच्या फोटोवर दहा वेळा घासला. मिलमध्ये तागा पास करायचा तर असाच. फोटोतला पोपट रुमालावर उतरला. "कच्चा," गंगाराम म्हणाला. दुसऱ्या प्रिंटरचा सूर्यास्त घासला. तोही कच्चा. तिसऱ्यावरचं बाळ घासायला घेतलं तेव्हा वैशालीनं कपाळाला हात लावला.

"काका, फोटो कोण धुतं हो?"

 एकतीस वर्षांत हे गंगारामला कोणी विचारलंच नव्हतं.

"तुम्हाला पाहिजे तरी काय? पक्का रंग की बरोबर रंग?"

"मले नाई समजून राह्यलं, बाई." त्यानं निशाच्या हातातला मोबाइल घेतला आणि काउंटरवर ठेवला. "हे माही मंडळी. हिले कोनी गोरी करू नये. एवढंच पायजे."

 वैशालीनं तो फोटो सहा रंगांच्या प्रिंटरवर छापला. चंद्रभागा उजळ आली. टाकीवाल्यावर छापला. तरीही उजळ. गंगाराम मटकन स्टुलावर बसला. आता ती कुठंच सापडणार नाही, असं त्याला वाटलं.

वैशाली मात्र मोबाइलमध्ये काहीतरी चाचपत होती. "हे बघा. फोटो आपोआप सुधारायची खूण आधीपासूनच लावलेली असते." तिनं ती खूण काढली आणि टाकीवाल्याला पुन्हा हुकूम सोडला.

यंत्र घुरघुरलं. कागद बोटबोट बाहेर सरकला. आधी केस आले, मग कपाळ, तांबूस झाकेसकट. मग डोळे.

"जरा डार्क आला का?" वैशाली सवयीनं म्हणाली.

"नाई," गंगाराम कागदावर वाकला. "आली. हेच ते."

वैशालीनं काउंटरवरचा ओला रुमाल आपणहून त्याच्यापुढं सरकवला. "करा काका, तुमची पारख."

गंगारामनं रुमाल उचलला, पिळला, चंद्रभागेच्या गालापर्यंत नेला आणि हात तिथंच थांबला. मिलमध्ये हजारो तागे घासले होते त्यानं. त्यानं रुमाल खिशात कोंबला, हात पँटीला पुसून कोरडे केले आणि कागद कडेनं धरून उचलला.

"बांधा हाच."

"पण बाबा," निशा म्हणाली, "रंग कच्चा निघाला तर?"

"निघू दे. उडाली का पुन्हा छापू. मशीन घरीच राहीन ना."