उंदराची साक्ष

"पट्टी सैल होऊ दे. घाई केलीस, तर तुला हवं तेच ती बोलेल."

शिकवणाऱ्या बाई केव्हाच निवृत्त झाल्या होत्या, तरी दर थेंबानंतर त्यांचा हा आवाज तिच्या कानाशी येई. आताही काचेच्या पात्रातलं कोमट द्रावण बदलून ती हात मांडीवर ठेवून बसली. पात्रात दोऱ्याला टांगलेली उंदराच्या जठराची पट्टी हळूहळू लांबत होती. सेरोटोनिन हे रसायन पडलं की ती आखडे, दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाची लेखणी कागदावर चढे. जितकी चढण, तितकं सेरोटोनिन. एका वेलीच्या बियांच्या अर्कात ते भरपूर आहे, यावरच तिचा सगळा प्रबंध उभा होता.

परीक्षक शेजारी उभे होते. तिचे मार्गदर्शक सर चुळबुळत होते.

"झाली की सैल. घाल अर्क आणि मोकळी हो."

"आधी सेरोटोनिनला अडवणारं औषध घालते, सर. अर्कात सेरोटोनिनच असेल, तर मग पट्टी हलायला नको."

सर तिच्याकडे वाकून पुटपुटले, "परवा करून पाहिलंस ना? हलली ना तरी? मग आज कशाला पायावर धोंडा पाडून घेतेस? हरिश्चंद्राची नात लागून गेलीस का?"

"हलली म्हणूनच."

"पदवी हातची जाईल, पोरी."

"जाऊ दे. त्या मुक्या जिवाला मारलंय मी. वर त्याला खोटी साक्ष नाही द्यायला लावणार."

ती नेहमीसारखी हळूच बोलली, पण परीक्षकांनी मान वळवली.

तिने औषध घातलं. थांबली. मग निव्वळ सेरोटोनिनचा थेंब सोडला; लेखणी जागची हलली नाही. मग अर्क. लेखणी सरळ वर चढत गेली.

"म्हणजे हे सेरोटोनिन नव्हेच," परीक्षक म्हणाले.

"निदान सगळं तरी नव्हे."

सर बाहेर पडले. दार त्यांच्यामागे बराच वेळ हलत राहिलं.

"प्रबंध असा मान्य करता यायचा नाही मला."

"मी तरी कुठे म्हणतेय करा म्हणून?"

परीक्षकांनी चष्मा पुसला. "मग आहे तरी काय त्या अर्कात?"

"ठाऊक नाही. शोधून सांगते."

"कधी?"

"तुम्ही चहा तर पिऊन या."

ते गेल्यावर तिने पात्र धुतलं, नवं द्रावण भरलं. मग त्याच जठराची दुसरी पट्टी गार बशीतून चिमट्याने अलगद उचलली आणि दोऱ्याची गाठ मारायला घेतली.