श्वासापुरता आवाज

माझ्या वॉर्डात मोठ्यानं बोललेलं मला चालत नाही. डॉक्टरांनाही मी सोडत नाही. सांगलीच्या या हॉस्पिटलात अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या खोलीत मला अकरा वर्षं झाली, आणि क्रांती सिस्टर तोंडाची फटकळ आहे हे लिफ्टवाल्यालाही ठाऊक आहे. पण काचपेटीची खिडकी धाडकन लावली की आत काय होतं ते मी पाहिलेलं आहे. आपल्याला नुसतं खट्ट ऐकू येतं, आत ते ढोल बडवल्यासारखं घुमतं. पूर्ण दिवसांचं बाळ दचकतं आणि रडतं. अपुऱ्या दिवसांचं बाळ दचकतं आणि श्वास घ्यायचाच विसरतं.

शिवांजलीची मुलगी तशीच होती. एकोणतिसाव्या आठवड्यात जन्मलेली, वजन अकराशे ग्रॅम. नाकातल्या बारीक नळीतून हवा चालू होती, पण श्वास तिचा तिनंच घ्यायचा होता. अधूनमधून ती थांबायची. पंधरा सेकंद, कधी वीस. मॉनिटर वाजायचा, मी तिचा तळवा चोळायची, आणि स्वारी पुन्हा कामाला लागायची.

मला एक खोड आहे. बाळ थांबलं की त्याच्या आधी खोलीत काय घडलं तेही मी तक्त्याच्या मागच्या बाजूला लिहून ठेवते. ट्रे पडला, फोन वाजला, कोणीतरी पेटीवर फाईल आपटली. बाराव्या दिवशी पान उलटून पाहिलं, तर सातपैकी चार वेळा सकाळी अकराच्या सुमाराच्या होत्या. अकराला हंबीरराव यायचे.

हंबीरराव म्हणजे मुलीचे आजोबा. शिराळ्याजवळच्या एका गावचे, तोफखान्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. मुलगा यशराजही फौजेत. मिळाली तेवढी चार दिवसांची रजा संपवून तो परत गेला होता. त्यामुळे सगळी धावपळ आजोबांची. रोज एसटीनं सुनेचा डबा घेऊन यायचे. माणूस सोन्यासारखा, पण आवाज असा की बांधावरून हाक मारली तर पलीकडच्या वस्तीवरचा माणूस ओ देईल. आम्ही त्यांना दोन मिनिटं आत सोडायचो. हळू बोला म्हणून मी रोज बजावायची. मग ते कुजबुजायचे, आणि ती कुजबूज जिन्यापर्यंत जायची.

तेराव्या दिवशी त्यांनी वाकड्या बोटानं काचेवर टकटक केलं. कौतुकानंच केलं, नात डोळे उघडेल म्हणून. मुलगी दोन्ही हात फेकून दचकली आणि थांबली. छाती हलेना. ओठ जांभळे पडले. तळवा चोळून भागेना, तेव्हा तोंडावर मास्क धरून पिशवीनं हवा द्यावी लागली. चाळीस सेकंदांनी तिनं पुन्हा श्वास घेतला.

डॉक्टर वल्लरी धावत आल्या. त्यांनी मुलीला तपासलं, जंतुसंसर्ग तर नाही ना म्हणून रक्त पाठवलं, औषधाचा डोस बदलला. संध्याकाळपर्यंत असं आणखी एकदा झालं तर घशात नळी घालून व्हेंटिलेटर लावावा लागेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. एवढ्या कोवळ्या फुप्फुसांना ते मानवेलच याची खात्री नसते. हंबीररावांना मी दाराबाहेर काढलं. त्या वेळी मी जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

मुलगी स्थिरावल्यावर आम्ही तिला शिवांजलीच्या छातीवर दिलं. आईचा आवाज अशा बाळांना पोटात असल्यापासून ओळखीचा असतो. तो हलकेच कानावर पडत राहिला तर श्वास पुष्कळदा सुधारतो, हे मी कितीदा अनुभवलंय. मी म्हटलं, तिच्याशी बोला. शिवांजली गप्प. काहीही बोला, मी म्हटलं, सकाळी काय खाल्लं ते सांगा. तरी गप्पच. माझं डोकं फिरलं. पोरीचा जीव टांगणीला लागलाय आणि तुम्हाला बोलायला काय होतंय, असं मी सरळ विचारलं. तिनं दाराच्या काचेकडे पाहिलं आणि कसंबसं पुटपुटली, "मामंजी भायेर हुबं हायती."

मग तुकड्यातुकड्यानं कळलं. सासऱ्याच्या कानावर सुनेचा आवाज पडू द्यायचा नाही, अशी त्यांच्या घरची रीत. सासू होती तोवर तिच्यामार्फत, ती गेल्यावर नवऱ्यामार्फत, आणि नवरा सरहद्दीवर असला की मुकाट्यानं. सहा वर्षं असंच. दिवसभरात मोकळं बोलणं व्हायचं ते गोठ्यात, म्हशीशी. म्हणजे पोटात असताना या मुलीला आईचा आवाज मिळाला तो तेवढाच. बाकी सगळा आजोबांचा.

मी तरातरा बाहेर गेले आणि हंबीररावांना हे सगळं ऐकवलं. ते बाकावर बसले.

"म्या कवा तिला बोलू नगं म्हन्लो न्हाई," ते म्हणाले.

"बोल असं तरी कधी म्हणालात?"

मलाच जरा जास्तच लागट बोलल्यासारखं वाटलं. ते उठले, कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा एकदा धुतले, गाऊन चढवला आणि मला न विचारता आत शिरले. मी अडवायला हवं होतं. अडवलं नाही, आणि ते दारापासून शिवांजलीपर्यंत जाताना मला त्या मुलीसाठी जेवढी भीती वाटली तेवढी अकरा वर्षांत क्वचितच वाटली असेल.

त्यांनी स्टूल लांब, अलगद उचलून ठेवलं आणि भिंतीकडे तोंड करून बसले. मग बोलले, आणि तो आवाज त्यांचा आहे हे मला पटेना.

"बोल, पोरी. मी हाय म्हून गप बसू नगंस."

शिवांजलीचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी मॉनिटरवरून नजर काढत नव्हते. मग तिनं मुलीच्या टोपीवर हनुवटी टेकवली.

"आजा आल्यात बग तुजं," ती मुलीला म्हणाली. "भिऊ नगंस. मी बी आता भेत न्हाई."

संध्याकाळपर्यंत ती बोलत राहिली, शेतातलं, माहेरचं, म्हशीच्या खोडीचं. मुलगी एकदाच थांबली, नऊ सेकंद, आणि माझा हात पोचायच्या आत आपली आपण सुरू झाली. घशात नळी घालावी लागली नाही. औषधानं तारलं की आईनं, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही.

हंबीरराव मात्र जागचे हलले नाहीत. सुनेचा आवाज त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला होता, आणि सहा वर्षं ती आपल्याला भीत होती हे त्यांना त्याच आवाजातून कळलं होतं.