काळ्या बाहुलीचं स्थळ

मी अंबादास, मुलींच्या शाळेचा हेडमास्तर. शाळेत मास्तर एकच, म्हणून तोच हेडमास्तर. शाळा भरायची मारुतीच्या पारावर. एखादं वऱ्हाड देवाच्या पाया पडायला आलं, की पाढे बंद आणि पोरी घरी. तामलवाडीहून दोन कोस आत आमचं गाव. साल अठ्ठावन्न. हैदराबाद स्टेट मोडलं, आम्ही मुंबई राज्यात गेलो, पण शाळेला खोली ह्या राज्यातूनही आली नाही आणि त्या राज्यातूनही आली नाही.

आणि घरात माझा वेगळाच घोर. माझी थोरली चंद्रप्रभा एकवीस वर्षांची झालेली. सातवी पास. चित्र काढावं तर तिनंच, असा हात. पण रंगानं काळी. आज मी हे सरळ सांगतो, तेव्हा सांगत नव्हतो. तेव्हा स्थळांना पत्र लिहायला बसलो, की 'वर्ण गव्हाळ' असं लिहून मोकळा व्हायचो. पाहुणे यायचे, बशीभर चुरमुऱ्यांचा सुशीला हाणायचे, वर चहा प्यायचे, आणि आठवड्यानं कार्ड यायचं : पत्रिका जुळत नाही. अशी अकरा कार्डं आली. लेकाच्यांनो, चौघांना तर मी पत्रिका दिलीच नव्हती! पोरगी ती कार्डं वाचायची, घडी घालून फळीवर ठेवायची आणि भाकरी थापायला जायची. आणि मी पुढचं पत्र लिहायला बसायचो.

आता सालमीनचाचांचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यांनी घडवून आणलं. सालमीन बिन मबरूक. आजा आफ्रिकेतून आलेला, बाप निजामाच्या हबशी रिसाल्यात स्वार, आणि हे त्या रिसाल्याच्या तबेल्यात सुतार. पोलीस ॲक्शननंतर रिसाला मोडला. घोडे लिलावात गेले. माणसांना कोणी बोली लावली नाही. चाचा लाकूड कातायचं यंत्र बैलगाडीत टाकून निघाले ते आमच्या गावात थांबले. का, तर गाडीचा आस इथंच मोडला. एवढा उंच, एवढा काळा माणूस गावानं कधी बघितला नव्हता. पोरं घरात ओढली, दारं लावली. चाचांनी पारावर बसून एक लाकडी घोडा केला आणि तिथंच ठेवला. जन्म घोड्यांत गेलेला माणूस तो! घोडा असा उतरला, की आता हरभरे मागेल. संध्याकाळपर्यंत गावातलं एकही पोर घरात थांबेना.

पुढं तुळजापूरच्या यात्रेत घोडे खपले, मग बैल खपले, मग उंट. पाच-सहा वर्षांत चाचांचा कारखाना उभा राहिला. टाकलेल्या, नवरा गेलेल्या पंधरा बायका तिथं कामाला लागल्या, त्यांची मुकादम दगडाबाई. माल सोलापूर, गुलबर्ग्यापर्यंत जाऊ लागला. मग चाचांनी एस.टी.च्या थांब्यावर पाणपोई घातली, गुरांना हौद बांधला, माझ्या शाळेतल्या पोरींना पाट्या दिल्या. गाव म्हणायचं, "हबशानं लई पैसा केलाय." पाणी पिताना म्हणायचं नाही, पिऊन झाल्यावर म्हणायचं.

चाचांचा एकच माल खपत नव्हता. बाहुल्या. त्या काळ्या होत्या. काही काळ्या, काही सावळ्या, पण गोरी एकही नाही. डोळे, कुंकू, नथ काढायचं काम आमच्या चंद्रप्रभेचं. मास्तरची मुलगी कारखान्यात जाते असं कोणी म्हणू नये, म्हणून बाहुल्या टोपलीतून आमच्या घरी यायच्या. हा शहाणपणा माझाच. यात्रेत बायका बाहुली उचलायच्या, नाक मुरडायच्या आणि घोडा घेऊन जायच्या.

मी एकदा म्हणालो, "चाचा, जरा गुलाबी रंग द्या की. धडाधड खपतील."

चाचा म्हणाले, "मास्तर, म्या घोड्याला घोड्याचा रंग देतो, बैलाला बैलाचा. मग मानसाला मानसाचा नको? समदं गाव फिरून बघितलं. गुलाबी मानूस एकबी न्हाय दिसला. कायकू झूट बोलायचं लाकडासंगं?"



त्या वर्षी चाचांनी शाळेला दोन खोल्या बांधून दिल्या. पक्क्या, शहाबादी फरशीच्या. गावाला वाटलं, आता नावाची पाटी मागणार. चाचांनी पाटी मागितली नाही, फीत नको म्हणाले, पुढारी तर नकोच म्हणाले. अट एकच. आमच्याकडं पोरी सुट्टीत बाहुला-बाहुलीचं लग्न लावतात, एक घर नवऱ्याचं, एक नवरीचं, तसं लग्न शाळेत लावायचं. नवरी चाचांच्या बाहुल्यांमधली, जशी आहे तशी. लग्न लागलं, की किल्ली शाळेच्या हातात.

शाळा कमिटीचे अध्यक्ष हिंमतराव पाटील. खो-खो हसले. "येवढंच व्हय? आमच्या अनसूयेचा बाहुला हाय की! वरपक्ष आमी." अनसूया त्यांची नात, माझ्याकडं तिसरीत. बाहुला सोलापूरहून आणलेला, सेल्युलॉइडचा, गुलाबी गालांचा, निळ्या डोळ्यांचा.

वधूपक्ष चाचांचा आणि माझा. पाटलीणबाई, द्वारकाबाई, गमतीनं म्हणाल्या, "बघितल्याबिगर सून आणत्यात व्हय?" म्हणून बघण्याचा कार्यक्रम आमच्या घरी ठरला. सगळे हसत आले. सुशीलाच्या बशा चंद्रप्रभेनं आणल्या. मध्ये पाटावर बाहुली, हिरवं लुगडं, नाकात नथ.

द्वारकाबाईंनी बाहुली उचलली, उजेडाला धरली, उलटी केली, सुलटी केली. आणि सवयीनं तोंडातून गेलं, "आगं बया! ही तर लई काळी हाय."

आणि हसणं थांबलं. हिंमतरावांनी सुशीलाची बशी खाली ठेवली. चेहरा असा केला, की खरीखुरी सोयरीक मोडायला बसलेत.

"तसंच हाय खरं. आमचा पोरगा गोरापान. जोडा शोभायचा न्हाय, मास्तर. रंग कमी असला तर वरपक्षाचा मान वाढवावा लागतो. रीतच हाय ती. शाळेला घातली तसली फरशी आमच्या ओट्यावर घाला."

सेल्युलॉइडच्या बाहुल्यासाठी ओट्यावर फरशी! कोणीही हसायला हवं होतं. कोणी हसलं नाही. सगळ्यांना पटलं. आणि मी, शिकलासवरलेला माणूस, मी घाईनं पुढं सरकलो आणि बोललो, "अहो काळी कसली, गव्हाळ आहे!"

चंद्रप्रभा चहा घेऊन दारातच उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं. चहा खाली ठेवून ती आत गेली. बोलली असती तर बरं झालं असतं.

चाचा शांतपणे म्हणाले, "फरशी घ्या, पाटील. रंग न्हाय बदलनार. रंग बदलला तर किल्ली न्हाय." आणि उठून गेले.

ते गेल्यावर हिंमतरावांनी मला कोपऱ्यात घेतलं. "मास्तर, ब्रश तुमच्याच घरात हाय न्हवं? लग्नादिवशी सकाळी एक हात गुलाबी मारून टाका. चारचौघांत म्हातारा काय करनार? आन् हे बघा, लातूरला एक तुमच्यातला पोरगा हाय, कारकून. माझ्या शब्दाभाईर न्हाय. चंद्रप्रभेचं म्या जमवतो."

मी हो म्हणालो. लपवत नाही. शाळेची किल्ली जाईल हे कळत होतं, तरी हो म्हणालो. अकरा कार्डं फळीवर पडलेल्या बापानं काय करावं, तुम्हीच सांगा.

गुलाबी रंगाचा डबा मी तिच्यापुढं ठेवला आणि सगळं सांगून टाकलं, लातूरसकट. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अप्पा, नवरदेवही आणून द्या. अंगरखा मापाचा शिवायला हवा."

मला बरं वाटलं आणि मी अनसूयेचा बाहुला आणून दिला. पोरगी शहाणी आहे म्हटलं.

लग्नाला सगळं गाव लोटलं. बँड आला. हिंमतराव फेटा बांधून, मिशीला पीळ देऊन वरबापासारखे पुढं उभे. चाचा मागं, दगडाबाई आणि कारखान्यातल्या बायकांबरोबर. चंद्रप्रभेनं नवरा-नवरी दोघांनाही झाकून आणून पाटावर ठेवलं आणि दोघी पोरींनी माझं उपरणं अंतरपाट म्हणून त्यांच्यापुढं धरलं. मी मंगलाष्टका म्हणत होतो, पण लक्ष उपरण्यावर होतं. आता उपरणं खाली जाणार, गुलाबी नवरी दिसणार, चाचा किल्ली खिशात घालून चालू लागणार, आणि माझ्या पोरी पुन्हा पारावर.

उपरणं खाली आलं. नवरी जशीच्या तशी. काळीभोर, नथ लकाकत होती.

रंग नवरदेवाला दिलेला होता. निळे डोळे काळे झालेले, गुलाबी गाल जाऊन रानातल्या मातीसारखा रंग आलेला, आणि ओठांवर पिळदार मिशी. फेटासुद्धा तसाच.

बँड थांबला. अनसूयेनं टाळी वाजवली. "आजोबा, बघा की! ह्यो तर तुमच्यावानीच दिसतोय!"

आता आली का पंचाईत! नवरदेव काळा म्हणावं, तर पाटलांना काळा म्हटल्यासारखं. वाईट दिसतो म्हणावं, तर त्याहून वाईट. सगळं गाव एकदा बाहुल्याकडं बघतंय, एकदा पाटलांकडं. शेवटी द्वारकाबाईच पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "माझ्या लग्नात उपरणं खाली झालं तवा मला असंच ध्यान दिसलं हुतं. म्या केलाच की संसार." आणि पहिल्यांदा त्याच हसल्या. मग कोण थांबतंय!

हिंमतरावांनी मिशीवरून हात फिरवला. "मिशी बरी काढलीया," एवढंच म्हणाले.

चाचा गर्दीतून पुढं आले. मी हात पुढं केला होता. त्यांनी किल्ली माझ्या शेजारी उभ्या असलेल्या चंद्रप्रभेच्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "बेटी, शाळा तू खोल." गुलाबी डबा घरी तसाच होता. तिनं झाकणसुद्धा उघडलं नव्हतं.

ओट्याची फरशी चाचांनी घालून दिली. लातूरच्या कारकुनाचं हिंमतरावांनी पुन्हा नाव काढलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, पत्रिका जुळत नाही.

रविवारी मी बाराव्या स्थळाला पत्र लिहायला बसलो. गोत्र लिहिलं, शिक्षण लिहिलं. 'वर्ण' लिहिलं आणि टाक थांबला. चंद्रप्रभा समोरच भाजी निवडत होती.

"लिहा अप्पा," ती म्हणाली.

मी 'काळा' लिहिलं. लाज वाटत होती, पण ती तिच्या रंगाची नव्हती.

"झालं?" मी विचारलं.

"नाही. खाली एक ओळ घाला," ती म्हणाली. "मुलाचा वर्ण उलट टपाली कळवावा."