शेजारणीचं उष्टं

सुट्टीच्या दिवशी भल्या सकाळी आईनं मुलीच्या अंगावरचं पांघरूण ओढलं.

"ऊठ गं. माझी पोरं वाट बघतायत."

"त्यांना म्हणावं, पायी या."

आईची पोरं म्हणजे जीवाणू. ज्या पाण्याचा एक थेंब जिभेवर पडला तर माणूस तोंड वाकडं करील, त्या खारट पाण्यात सुखानं नांदणारे. त्यांना शोधायचं, वाढवायचं आणि कोण कुणाच्या कुळातलं ते ठरवायचं, हे तिचं काम. उभ्या नोकरीत तिनं इतरांच्या कितीतरी नव्या जाती तपासून दिल्या होत्या, पण स्वतः शोधलेली एकही तिच्या पदरात पडली नव्हती. "एकच हवी," ती म्हणायची, "निवृत्त व्हायच्या आत."

मुलगी एका प्रकाशकाकडे मुद्रितं तपासायची. आईला गाडी येत नव्हती, म्हणून तिला मिठागरावर न्यायचं काम मुलीकडे होतं आणि वाटभर कुरकुर करायचंही. खाऱ्या वाऱ्यानं पत्रा सडतो, सुट्टी फुकट जाते, लोकांच्या आया स्वेटर विणतात. आई मांडीवर बाटल्या घेऊन ऐकायची आणि ही थांबली की म्हणायची, "हं, पुढे?"

त्या दिवशी शेवटच्या वाफ्यातलं पाणी गुलाबी झालं होतं. दुसऱ्याच दिवशी तो उपसून बुजवणार होते. आईनं बांधावर उकिडवं बसून बाटली भरली.

"यांना गोडं पाणी दिलं ना, की फुटून मरतात. तुझ्यासारखीच. कुणी गोड बोललं की बिघडलीच!"

उठताना तिचा पाय घसरला आणि तिनं चिखलात बसकण मारली. हात मात्र वर.

"बाटली धर आधी!"

"आणि तुला?"

"मी काय सांडतेय?"

मुलीनं तोंड फिरवून हसून घेतलं आणि मग बजावलं, "वर्तमानपत्र अंथरल्याशिवाय सीटवर बसायचं नाही."

संध्याकाळी प्रयोगशाळेत नमुना लावून दोघी घरी आल्या. त्या रात्री झोपेतच आईचं हृदय थांबलं.

काही आठवड्यांनी ती आईच्या वस्तू आणायला प्रयोगशाळेत गेली. आईच्या शेजारच्या टेबलावर मावशी बसायची. नात्याची नव्हे, पण हिच्या लहानपणापासून कान पिळायचा हक्क बजावत आलेली. तिनं हिच्या हातातली पिशवी काढून खाली ठेवली.

"तिचा डबा कुठं पळून जात नाही. हे बघ आधी, तुमच्या त्या शेवटच्या बाटलीतलं."

काचेच्या बशीत खारट खळ थिजवलेली होती आणि तिच्यावर तांबडे ठिपके वाढले होते. काही ठिपक्यांच्या कडेला, डोळे बारीक केल्यावरच दिसेल असा, पाण्याच्या थेंबासारखा एक कण होता.

"हे धाकटं," मावशी म्हणाली. "याचं जनुक वाचून पाहिलं. ओळखीतल्या कुठल्याच घराण्याशी धड जुळत नाही."

"म्हणजे नवं?"

"नवंच! पण नियम असा, की आधी त्याला एकट्याला वाढवून दाखवायचं. मग दोन देशांतल्या दोन संग्रहांत जिवंत ठेवायला द्यायचं. त्याशिवाय नाव नाही. आणि हा लबाड एकटा जगेना. नवी बशी दिली, ऊब दिली, मीठ कमीजास्त करून पाहिलं. मरतो. या शेजारणीजवळ, तांबडीजवळ ठेवला की मजेत."

बाटलीत तळाला जेमतेम चार चमचे पाणी उरलं होतं आणि वाफा तर केव्हाच बुजला होता. आईची एकुलती एक जात अशी दारापर्यंत येऊन परत जाणार होती.

वस्तू न्यायला म्हणून ती पुन्हा आली. पुन्हा वस्तू तिथंच राहिल्या. तिसऱ्या खेपेला मावशी टेबलावर हनुवटी टेकून बसली होती.

"तांबडी काहीतरी पाण्यात सोडते. या महाराजांना ते आयतं हवंय."

"उष्टं खातो म्हणा की," ती म्हणाली.

मावशीनं मान वर केली. "मग उष्टंच वाढू! तांबडीला बाहेर ठेवू आणि तिचं पाणी तेवढं गाळून देऊ. बशीत राहील हा एकटाच. नियमही मोडत नाही. मी इतके दिवस काय झोपले होते?"

तांबडी पोषक रसात वाढवली. मग तो रस इतक्या बारीक गाळणीतून गाळला, की एकही पेशी पलीकडे जाऊ नये. त्यावर धाकट्याला पसरलं आणि बशी उबेच्या कपाटात ठेवली. त्यानंतर मुलगी रोज कामावरून परस्पर तिथं जाऊ लागली. दार उघडायचं, बघायचं, मिटायचं. "अगं, दूध तापायला ठेवलंयस का?" मावशी खेकसायची आणि स्वतःही वाकून बघायची.

एका दुपारी फोन आला. पलीकडे आधी नुसता दम लागल्याचा आवाज आला. "ये!"

बशीभर थेंब उमटले होते. स्वच्छ, गोल, एकटेच. तांबडीचा मागमूस नव्हता. मावशीनं तिला सूक्ष्मदर्शकापुढे ढकललं. खाली इवल्या कांड्या नुसत्या वळवळत होत्या, शाळा सुटल्यासारख्या. ती हसायला लागली, ते हसू आवरेना. बाजूच्या खोलीतली मंडळी धावत आली. कुणीतरी बिस्किटांचा पुडा फोडला, कुणी मावशीला मिठी मारली.

"दोन्ही संग्रहांकडे पाठवताना बरोबर उष्ट्याची बाटलीही द्यायची," मावशी डोळे पुसत म्हणाली. "लांबचा प्रवास आहे, शिदोरी नको का?"

स्वतःच्या शोधाला स्वतःचं नाव द्यायचं नाही, अशी या लोकांत रीत. पण आता नाव मावशी देणार होती. तिनं आईच्या नावाला लॅटिन शेपूट लावून ते सगळ्यांसमोर मोठ्यानं उच्चारलं.

"आई म्हणाली असती, हे कुठल्या सासरचं नाव?" मुलगी म्हणाली आणि पुन्हा हशा पिकला.

मावशीनं पेन उघडलं. "आता शोधनिबंधात आभार. नमुना आणायला बरोबर तू होतीस. काय लिहू? चालक, नाइलाजानं आलेली? तुझी आईच सांगायची, लेक वाटभर कुरकुरते म्हणून."

"नाइलाजानं नाही."

आवाज जरा मोठाच निघाला. तिनं बशी अलगद दोन्ही हातांत घेतली. तिला कुणाकडे बघायचं नव्हतं, पण थांबायचंही नव्हतं.

"आई," ती म्हणाली, "मला फार आवडायचं गं तुझ्याबरोबर यायला. रस्ता संपूच नये असं वाटायचं."